पाणमांजराच्या पाठीवरचा पंखा

हृषिकेश टेंबे तुम्हांला भेटला, तर पहिल्या पाच मिनिटांत तो तुमचं काहीतरी दुरुस्त करील. तुमची सायकल, तुमचं जर्मन, तुमचा चहा. तुम्ही मागितलं नसलं तरी. मूळचा साताऱ्याचा, वय सेहेचाळीस, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर आणि पेशानं गार हवा फुंकणारा. म्हणजे मोटारींच्या एसीचे पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत तो गेली सतरा वर्षं आहे. त्यातली पहिली चार त्सुफेनहाउझेनला गेली, जिथे मोटारींचा एक नामांकित जर्मन कारखाना आहे. हे तो अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, तिथल्या त्या भारी मोटारी यानंच घडवल्या. प्रत्यक्षात त्याची कंपनी त्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून एका पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि हा तिथे पंख्याचा आवाज मोजत बसायचा.

मी वसुधा. कोलोनची ट्राम जिथे संपते, तिथून पुढे बसनं यावं लागतं अशा गावात राहते आणि गावच्या फेराइनच्या, म्हणजे क्रीडामंडळाच्या, ऑफिसात अर्धा दिवस काम करते. मैदानाच्या चाव्या माझ्याकडे असतात. टेंबे कुटुंब माझ्या वरच्या मजल्यावर. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असेल. पण तेरा वर्षं टेंब्याच्या खाली राहून कोणाची गोड राहिली असती, ते मला दाखवा.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझं हाइट्सुंग, म्हणजे घर तापवायचं यंत्र, जरा कुरकुरत होतं. मी तक्रार केली नव्हती, नुसता उल्लेख केला होता. हा रविवारी सकाळी पाने घेऊन दारात. तीन दिवस मी दोन स्वेटर आणि टोपी घालून स्वयंपाक केला. मराठी मंडळाच्या स्नेहभोजनाला त्यानं एकदा खिशातून लेसरवाला थर्मामीटर काढून साबुदाण्याच्या खिचडीवर लाल ठिपका पाडला आणि ज्यांनी ती केली होती त्या कुंदाकाकूंना सांगितलं की खिचडी एकोणचाळीस अंशांवर आली आहे, पासष्टच्या खाली ठेवू नये. कुंदाकाकू बहात्तर वर्षांच्या आहेत. त्या खिचडी उचलून घरी घेऊन गेल्या.

बायको स्वरूपा इस्पितळाच्या लॅबमध्ये आहे. ती फारशी बोलत नाही. मला वाटतं, घरातला बोलण्याचा कोटा संपलेला असतो.

आणि मुलगी ऊर्जा, दहा वर्षांची. पाच वर्षांची होईपर्यंत ती घडाघडा मराठी बोलायची. मी ऐकलंय, जिन्यात ऐकलंय. पण ती एक वाक्य बोलली की बाप तिला थांबवायचा. असं नाही ऊर्जा, असं. परत म्हण. मूल किती दिवस परत म्हणेल? ती जर्मनवर गेली. मग हा जर्मनही दुरुस्त करायला लागला, आणि याचं जर्मन कसं आहे ते मी सांगत नाही. आता तिला सगळं मराठी कळतं, पण बापाला तिच्याकडून तीनच शब्द मिळतात. 'या', 'नाइन' आणि 'ग्लाइश'. हो, नाही आणि करते मागाहून.

एके दिवशी हृषिकेश खाली आला, दुरुस्तीचं काही न आणता. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "वसुधाताई, ती माझ्याशी बोलत नाही. महिना-महिना धड एक वाक्य बोलत नाही." मी म्हटलं, तू कमी बोल, म्हणजे तिला जागा होईल. त्यानं मान हलवली आणि मला पंचवीस मिनिटं समजावून सांगितलं की मुलांच्या भाषेचा विकास कसा होतो.

ऊर्जाचं सगळं प्रेम होतं एका पाणमांजरावर आणि एका मुळ्यावर. चेष्टा करत नाही. जपानमध्ये दुसऱ्या फळीत खेळणारा एक फुटबॉल क्लब आहे. नाव सांगणार नाही, कारण सांगितलं तर फार नम्र भाषेतला एक ईमेल मला येईल. त्या गावात नदी आहे आणि मुळ्याचं लोणचं प्रसिद्ध आहे, म्हणून क्लबचे शुभंकर दोन: कावामारू नावाचं गुबगुबीत पाणमांजर आणि दाइको नावाचा पाच फुटी मुळा. मुळ्याला हात आहेत, गुडघे नाहीत, त्यामुळे तो दर सामन्यात एकदा पडतो आणि पाणमांजर त्याला उभं करतं. बस, एवढाच खेळ. क्लब म्हणाल तर तीन वर्षं बाराव्या नंबरच्या वर गेलेला नाही, पण मुळा पडला की अख्खं स्टेडियम उभं राहतं. प्रौढ माणसं, ऑफिसला टाय लावून जाणारी, मुळ्याच्या नावानं रडतात. मला हा सगळा प्रकार शुद्ध बावळटपणा वाटायचा. मी ऊर्जाला विचारलं होतं, तुला यात काय एवढं दिसतं गं. ती माझ्याशी बोलते, जर्मनमधूनच, पण बोलते. ती म्हणाली, कावामारू कधीच काही बोलत नाही. मुळा पडला तरी तो सांगत नाही की कसं चालायचं. नुसता उचलतो.



आणि काय योग बघा, तोच क्लब गेल्या जुलैत दहा दिवसांच्या सराव शिबिरासाठी आमच्या मैदानावर येणार असं ठरलं. शेवटच्या शनिवारी मैत्रीपूर्ण सामना आणि त्याआधी मुलांसाठी शुभंकरांची भेट. मी हे ऊर्जाला सगळ्यांत आधी सांगितलं. ती तडक घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ऱ्हाइनच्या काठावर शिंपले वेचायला लागली. कावामारूसाठी माळ करायची होती. दीड महिना ती एकेका शिंपल्याला भोक पाडत बसली. भोक पाडायची सोपी पद्धत बापाला ठाऊक होती आणि त्यानं ती सांगितलीसुद्धा, म्हणून ती पुढचे शिंपले माझ्याकडे येऊन करायला लागली.

क्लब आला तो एक अडचण घेऊन. पाणमांजराच्या डोक्यात एक छोटा पंखा असतो. त्याच्या बॅटऱ्या कोणीतरी मोठ्या सामानात टाकल्या होत्या, विमानतळावर त्या काढून घेतल्या. पंखाही प्रवासात पिचला होता. शुभंकरांची व्यवस्था बघणारे ओनो-सान माझ्या ऑफिसात आले. साठीचा, शिडशिडीत माणूस, डुसेलडोर्फला पूर्वी नोकरी केलेली, जर्मन माझ्याहून स्वच्छ. त्यांनी विचारलं की गावात कोणी पंख्याचा जाणकार आहे का. आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण म्हणतात ना, खाजवून खरूज काढावी. मी म्हटलं, आमच्याच इमारतीत आहे.

हृषिकेशला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की मला क्षणभर त्याची कीव आली. त्यानं मला बजावलं की ऊर्जाला मीच सांगणार. सांगितलं. ती जेवता जेवता थांबली, त्याच्याकडे सरळ बघितलं आणि जर्मनमधून विचारलं, "खरंच? कावामारूचा पंखा तू करणार?" स्वरूपा म्हणाली, गेल्या वर्षातलं ते सगळ्यांत लांब वाक्य होतं. त्या रात्रीपासून टेंब्याला पंख वगैरे काही फुटले नाहीत, पण त्यानं आठवडाभर रजा टाकली. सतरा वर्षांत आजारपणालासुद्धा न घेतलेली.

ओनो-सानांशी त्याची बैठक माझ्याच ऑफिसात झाली. हा वही, पेन, लॅपटॉप घेऊन आलेला. पहिला प्रश्न, आतल्या माणसाचं वजन किती. ओनो-सान म्हणाले की कावामारू-सानांचं वजन तीन सामन मासे आणि एक दुपारची झोप इतकं आहे, तसं क्लबच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. हृषिकेश हसला. म्हणाला, ते ठीक, पण आत जो माणूस असतो त्याचं. ओनो-सानही हसले आणि म्हणाले, आत कोणी नसतं. कावामारू-सान हे कावामारू-सान आहेत.

हृषिकेशनं तीन वेळा तीन तऱ्हेनं विचारलं. वय? पुरुष की बाई? घाम किती येतो? ओनो-सानांनी प्रत्येक वेळी चहाचा घोट घेऊन उत्तर दिलं. कावामारू-सान तसे लहानखुरे आहेत. आता पूर्वीइतके तरुण राहिले नाहीत. ऊन त्यांना मानेमागे आणि पाठीवर सोसत नाही, पोटाला चालतं. वीस मिनिटं ते मजेत असतात, त्यानंतर जरा गप्प होतात. आणि स्वभाव असा, की त्रास झाला तरी कोणाला कळू देत नाहीत, म्हणून आपण लक्ष ठेवायचं असतं.

हृषिकेशनं यातलं अक्षर लिहून घेतलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, डेटा नाही, नुसत्या गोष्टी सांगतो थेरडा. मीही हसले त्याच्याबरोबर, ते कबूल करते. खरं तर आम्हां दोघांना कळायला हवं होतं. माझ्या आईनं जन्मभर वडिलांचं नाव घेतलं नाही, 'इकडून', 'तिकडून' करत संसार केला, तरी वडिलांना आमटीत किती मीठ लागतं हे अख्ख्या आळीला माहीत होतं. नाव न घेता सगळं सांगण्याची रीत ज्या घरात होती तिथून आलेली मी, आणि मला ती ओळखू आली नाही.

त्यानं पंखा केला, आणि झकास केला. एकाऐवजी दोन पंखे, त्यांच्या तोंडाशी गार जेलच्या पिशव्या. बॅटरीचा चपटा डबा पाठीला बांधायचा. आतलं तापमान मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर. आणि जर्मन कारखान्यात मुरलेला माणूस, त्यामुळे सुरक्षेची सोय हवीच. बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या वर तापली की पंखे आपोआप बंद. हे त्यानं मला दोनदा सांगितलं, अभिमानानं. चाचणी घेतली ती आमच्या केलरमध्ये, तळघरात, जिथे भर जुलैत मी बटाटे ठेवते. आतल्या माणसाचं माप मिळालं नाही म्हणून पाणमांजराच्या कातड्यात त्यानं रजई कोंबली आणि चार तास पंखे चालवले. रजईनं तक्रार केली नाही.

शनिवारी बाहेर छत्तीस अंश. मैदानावर तीनशे मुलं आणि मराठी मंडळाचे पंधरावीस लोक. ते फुटबॉलसाठी आले नव्हते. टेंब्यानं स्वतः ग्रुपवर निमंत्रण टाकलं होतं. ऊर्जा भेट देणाऱ्या मुलांच्या रांगेत तिसरी, हातात शिंपल्यांची माळ. बाप रेषेबाहेर फोन घेऊन उभा आणि जो येईल त्याला दाखवत होता: बघा, बाहेर छत्तीस, आत एकतीस. माझ्याकडे तर तीन वेळा आला. मी यादीवर खुणा करत होते आणि मनात म्हणत होते, देवा, या माणसाला आज कोणीतरी शाबास म्हणू दे, म्हणजे तो वर्षभर शांत राहील.

पाणमांजर नाचलं. मुलांबरोबर पळालं. मुळा पडला, पाणमांजरानं त्याला उचललं, मुलं किंचाळली. ऊर्जा हसत होती. मी तिला असं हसताना जिन्यात कधी पाहिलं नव्हतं.

मग फोनवर तेहेतीस. छत्तीस. हृषिकेश म्हणाला, सेन्सर गंडलाय. फोन झटकला, ॲप बंद करून पुन्हा चालू केलं. त्यात दोन मिनिटं गेली. एकोणचाळीस. पाणमांजर आता जागच्या जागी डोलत होतं आणि त्याचा एक पंजा पाठीमागे काहीतरी चाचपडत होता.  हृषिकेश ओनो-सानांकडे धावला. त्यांनी ते आधीच हेरलं होतं. मुळ्याला खूण केली होती, मुळा हळूहळू पाणमांजराचा हात धरून तंबूकडे न्यायला निघाला होता. दोन मिनिटं, ओनो-सान म्हणाले, दोन मिनिटांत आत जातील. पण पाणमांजर गुडघ्यांवर बसलं. मुलांना वाटलं, आज उलटा खेळ आहे, आज हे पडणार आणि मुळा उचलणार. टाळ्या सुरू झाल्या.

आणि हृषिकेश टेंबे मैदानात शिरला. डोक्याच्या चार कड्या त्यानंच बसवल्या होत्या, चारही त्यानं एका दमात काढल्या आणि तीनशे मुलांसमोर पाणमांजराचं मुंडकं उपटलं.

आत एक बाई होती. पन्नाशीची असेल, किंवा जरा पुढची. छोटीशी. पांढरे केस कपाळाला चिकटलेले, ओठ निळसर. तिनं पहिली गोष्ट काय केली असेल? श्वास नाही घेतला. दोन्ही केसाळ पंजे वर उचलून चेहरा झाकून घेतला.

टाळ्या थांबल्या. एक लहान मूल रडायला लागलं, मग बरीच. तेवढ्यात तो मुळा, ज्याला गुडघे नाहीत तो, गर्रकन वळला आणि तिच्यापुढे मुलांकडे पाठ करून आडवा पडला, डोक्यावरची हिरवी पानं पसरून. मुद्दाम. त्या पानांआडून प्रथमोपचारवाल्यांनी तिला तंबूत नेलं. ओनो-सानांनी स्वतःचा कोट काढून पाणमांजराचं मुंडकं त्यात गुंडाळलं, काखेत धरलं, माइक घेतला आणि जाहीर केलं की उकाडा फार असल्यानं कावामारू-सान ऱ्हाइनमध्ये पोहायला गेले आहेत.

तंबूत मी होते. तिला बर्फ लावला, पाणी पाजलं, सलाइन लावलं. प्रथमोपचारवाला म्हणाला, आणखी दहा मिनिटं तशीच राहिली असती तर आज वेगळी गाडी बोलवावी लागली असती. हृषिकेश कोपऱ्यात उभा राहून, कोणी विचारलेलं नसताना, एकच वाक्य म्हणत होता की कट-ऑफ पंचेचाळीसला होता. बाईनं एकदा डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. मग टॉवेल ओढून पुन्हा चेहरा झाकला.

ऊर्जाची माळ मुळ्यानं घेतली. ती गाडीत बसली आणि बापाला म्हणाली, "दू हास्ट आल्लेस कापुट गेमाख्ट." सगळं मोडलंस तू. मग तेही तीन शब्द बंद झाले. 'या' नाही, 'नाइन' नाही, 'ग्लाइश' नाही.

आपल्या लोकांनी काय केलं, तेही सांगायला हवं. ग्रुपवर दोन दिवसांत टेंब्याचे स्टिकर आले. रुपेश म्हणून मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांनी गणपतीच्या बैठकीत सांगितलं की यंदा टेंब्यांना मूर्तीच्या जवळ उभं करू नका, एकदा डोकं बदलून झालंय बिचाऱ्याचं. लोक खोखो हसले. कुंदाकाकू सर्वांत जास्त, त्यांची खिचडी वसूल झाली. मी पण हसले. एका बाईचा जीव त्यानं धोक्यात घातलाही होता आणि वाचवलाही होता, आणि आम्हांला त्यातलं स्टिकर तेवढं दिसलं. चाळीस इंजिनिअर त्या बैठकीत होते. त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई आता कशी आहे.

सप्टेंबरात हृषिकेश माझ्याकडे चौदा पानं घेऊन आला. मोटारींच्या धंद्यात एक रीत आहे, चूक झाली की आठ पायऱ्यांचा अहवाल लिहायचा. काय झालं, का झालं, कोणामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्याला एट-डी म्हणतात. त्यानं तो पाणमांजराचा लिहिला होता, जर्मनमध्ये, तक्त्यांसकट. ओनो-सानांना पाठवा, म्हणाला. मी चहा घेऊन, चांगली करमणूक होईल म्हणून वाचायला बसले.

या अहवालात पाच वेळा 'का' विचारायचं असतं. पंखा का थांबला? बॅटरी तापली. तापल्यावर का थांबला? तशी सोय केली होती. तशी सोय का केली? मी बॅटरीचा विचार केला, माणसाचा नाही. माणसाचा का नाही? माहिती मिळाली नाही असं मी धरून चाललो. का धरून चाललो? आणि पाचव्या उत्तरात त्यानं लिहिलं होतं: माहिती दिली गेली होती. पाठ, मान, वय, वीस मिनिटं, सगळं पहिल्या बैठकीत सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी ऐकत नाही. मूळ कारण या चौकटीत एकच नाव, हृषिकेश टेंबे. नवव्या पानावर आतल्या बाईंची क्षमा मागितली होती. मी चष्मा पुसला आणि अहवाल पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, पानभर. तो ते आणि आपला अहवाल घेऊन खाली आला तेव्हा ऊर्जा माझ्याच टेबलाशी गृहपाठ करत होती. तिनं मान वर केली नाही. उत्तर असं होतं की क्लबनं अहवाल अत्यंत लक्षपूर्वक वाचला. मात्र पान नऊवर जिचा उल्लेख आहे, अशी कोणतीही व्यक्ती क्लबशी संबंधित नाही, त्यामुळे तिला इजा होण्याचा आणि तिची क्षमा मागण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कावामारू-सानांना ऱ्हाइनचं पाणी फार आवडलं. परतल्यावर त्यांनी पंधरा दिवस झोप काढली, आता बरे आहेत. शिंपल्यांची माळ ते सामन्याला घालतात. पाठीवरचा तो डबा त्यांना आठवतो. तो पोटाशी असता तर, असं ते अधूनमधून म्हणतात. आणि वारा आपला आपण न थांबणारा.

हृषिकेशनं कागद टेबलावर टाकला.  "म्हणजे चूकही नाही आणि वाचवलंही नाही? मी काहीच केलं नाही का? वसुधाताई, ती बाई होती ना आत? तुम्ही पाहिलीत ना?"

माझ्या जिभेवर चांगलं ठेवणीतलं उत्तर आलं होतं. तेरा वर्षांचं साठलेलं. पण ऊर्जानं कागद ओढून घेतला होता. तिनं तो सावकाश वाचला, परत वरपासून वाचला. आता, दहा वर्षांच्या पोरीला माहीत नव्हतं का, की पाणमांजराच्या कातड्यात माणूस असतो? होतं. माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत उघडं करणं वेगळं, एवढंच तिला कळत होतं आणि आम्हां शहाण्यांना नव्हतं.

तिनं कागद बापापुढे सरकवला आणि म्हणाली, "बाबा, आत कोणी नसतं."

मराठीत. पाच वर्षांनंतर.

त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा सुरू होणार, पण त्या बाई, पण तो सेन्सर. ऊर्जानं बोट ठेवून शेवटच्या ओळी त्याला दाखवल्या. "त्याला नवीन पंखा हवाय. विचार ना, त्याला कुठे गरम होतं."

कोणाला विचार, हे तिनं सांगितलं नाही. हृषिकेशनं तिच्याच कंपासपेटीतली पेन्सिल घेतली, अहवालाचं शेवटचं पान उलटं केलं.  त्यानं विचारलं, "कावामारूला कुठे गरम होतं?"

"मानेमागे," ऊर्जा म्हणाली. "आणि पळून झालं की. आणि सगळे बघत असले की जास्ती."

मी चहा टाकायला उठले, मला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. वळून बघितलं तेव्हा तो खाली मान घालून लिहीत होता, तिनं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत.